एकवीस दिवसांचं उसनं

मानवत रोडला पॅसेंजर अंधारातच येते.
थर्मास माझ्या मांडीवर,
त्यात बर्फ, बर्फात फडकं, फडक्यात दोन बाटल्या.
हलवायचं नाही, फेस होतो, असं सिस्टरनं बजावलेलं.
सेलू जाईपर्यंत मी श्वाससुद्धा जपून घेते.
परतूरला चहावाला विचारतो, काय बाई, दूध विकाया निघालात?
हो म्हणते.
इंद्या खिडकीला गाल लावून हसतो.

सहा महिन्यांचा होईपर्यंत गुटगुटीत होता.
नंतर कान. नंतर छाती. मग पुन्हा कान.
माझं अंगातलं दिलेलं
तेवढेच दिवस पुरलं, म्हणाल्या डॉक्टरीणबाई.
घाटीत त्यांनी टॉर्च धरून त्याच्या घशात पाहिलं,
पुन्हा पाहिलं,
दोन शिकाऊ पोरांना हाक मारली:
बघा रे, टॉन्सिलच नाहीत.
मला वाटलं, बरंच झालं,
दुखायचं एक तरी कमी.

मग त्यांनी कागद ओढला.
तुम्हाला भाऊ?
तीन.
आहेत की होते?

विष्णू दोन वर्षांचा, कानातून पू जाऊन जाऊन.
गंगाधर चौथ्या वर्षी, न्यूमोनियानं.
तिसऱ्याला आई नुसतं धाकला म्हणते.
गावानं गयाबाईला, माझ्या आईला,
पोरं खाणारी म्हटलं.
बारशाला तिला शेवटी बोलवायचे,
पाळण्यापासून लांब बसवायचे.

बाईंनी तीन चौकोन काढले,
तिन्हींवर तिरपी रेघ.
आईसाठी एक गोल, आत ठिपका.
माझ्यासाठी गोल, आत ठिपका.
कुंकू लावलेल्या दोन बाया
कागदावरून माझ्याकडे बघत होत्या.
तिसरा गोल उजीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा.
तो रिकामा सोडून बाईंनी पेनाला टोपण लावलं.

सलाईनच्या खोलीत पंखा एकच आहे.
त्याच्याखालच्या बाकावर शमीम बसते, जालन्याची,
पिशवीत गोळ्यांचा डबा, वर शिवणाचे कपडे.
आधी आम्ही एकमेकींना काहीच विचारलं नाही.
चौथ्या खेपेला तीच बोलली:
तुझ्या लेकराकडं पहारेकरी जन्मलेच नाहीत.
माझ्याकडं होते गं,
नवऱ्यानं घरात आणलेल्यानं एकेक करून मारले.
मग काजाचं बटण दातानं तोडलं
आणि इंद्याला बिस्कीट दिलं, पुडा न फोडलेला.
न फोडलेलाच चालतो, हे तिला सांगावं लागलं नाही.

थेंब सुरू होतात.
शिकाऊ पोरगा सांगतो, एका बाटलीत
हजाराच्या वर माणसांचं असतं.
कुणी कधी काढलेली गोवर,
कुणाच्या परीक्षेच्या टायमाला आलेल्या कांजिण्या,
ज्यांनी एकमेकांच्या माठाला हात लावला नसता अशांचं
सगळं जिंकून ठेवलेलं
माझ्या पोराच्या मनगटात सावकाश उतरतं.
आत्याबाई विचारतात, कुणाचंही चढवता का गं?
आपल्यातल्याचं बघून घ्यावं.
आपल्यातलंच नव्हतं आत्याबाई,
म्हणून तर.

एकवीस दिवस हे टिकतं.
अठराव्या दिवशी त्याचं नाक वाहतं,
मी कॅलेंडर बघत नाही, नाक बघते.
वजन वाढलं की मी खूश होते,
आणि वजन वाढलं की डोस वाढतो.
मागच्या महिन्यात काट्यावर उभा राहून तो म्हणाला,
आई, मी किती महाग झालो?
सिस्टर तोंड फिरवून फाईल शोधत राहिली.

आज उजी सोबत आलीय.
जिंतूरचं स्थळ पक्कं होत आलंय,
साखरपुड्याच्या आधी तिला रक्त द्यायचंय,
घरी सांगितलंय चपला घ्यायला जातेय.
बाही दुमडून ती त्या कागदाकडे बघते,
रिकाम्या गोलाकडे,
आणि कपाळावरची टिकली काढून
बाकाच्या कडेला चिकटवते.

निकाल पंधरा दिवसांनी, म्हणतात.
परतीच्या गाडीत ती थर्मास मागून घेते.
त्यात आता नुसतं बर्फाचं पाणी आहे.
तरी मांडीवर धरून बसते,
न हलवता.