परत

माटुंग्यात, फूलवाल्यांच्या गल्लीमागे,
एका तळमजल्याचं दार मी साडेसहाला लोटते.
आत नऊजणी आधीच बसलेल्या.
बसलेल्या म्हणजे अर्ध्या:
गुडघे बाहेर, टाचा जुळलेल्या, पाठ ताठ,
खालची खुर्ची कुणी काढून घेतल्यावर
उरतं तेवढं बसणं.
त्यांतली सर्वांत मोठी सतरा वर्षांची.
मला एकोणतीस वर्षं आणि आठ महिने.
पहिल्या दिवशी ओजल म्हणाली,
'मावशी, कुणाला सोडायला आलात?'

सोडून आले होते, म्हणा.
वाहनविम्याचे दावे, सात वर्षांचे.
चेपलेले बंपर, पाण्यात बुडालेली इंजिनं,
घसारा काढायचा तक्ता:
काचेला शून्य,
रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, सरळ निम्मी किंमत.
तो तक्ता नेमका मंडी अडवूला आठवतो,
डाव्या गुडघ्यात काहीतरी
वाळूसारखं सरकतं तेव्हा.
रात्री त्यावर गोठलेल्या मटारची पिशवी.
त्याच मटारची उसळ रविवारी.

सरावाची साडी आईने मुलुंडहून आणून दिली.
बारा वर्षं ती शिलाई मशीनवर झाकण होती,
काठाला तेल, मधोमध सुईची बारीक भोकं.
'आखूड होईल,' एवढंच म्हणाली.
झाली नाही. उंचीने मी तेवढीच आहे.
बाबांनी विचारलं, 'पीएफला हात लावलास?'
लावला, म्हटलं.
त्यांनी उठून पंखा एकने वाढवला
आणि पेपर उडू नये म्हणून त्यावर चष्मा ठेवला.

काकू फोनवर हसत होत्या,
नाचता येईना, अंगण वाकडे.
काकू, अंगण खरंच वाकडं आहे.
पूर्वी इथे लाँड्री होती.
फरशीचा उतार कोपऱ्यातल्या मोरीकडे.
ओळीत उभ्या आम्ही दहाजणी
तास संपेपर्यंत वीतभर तिकडे सरकलेल्या असतो.
मुलींना कळत नाही,
त्या उतारावरच उभं राहायला शिकल्या.
मीही इथेच शिकले होते.
तेव्हा मला कळलं नव्हतं.

अलमेलू टीचरचं मराठी तीन शब्दांचं:
खाली. हळू. परत.
बाकी सगळं त्या काठीने बोलतात,
लाकडावर लाकूड.
ऑफिसात प्रत्येक फायलीला एक दिवस शिक्का बसायचा,
ती कपाटात जायची, मी चहाला.
इथे तै या तै ही कधीच मिटत नाही.
पाय पडतो, तळवा पेटतो,
टीचर म्हणतात, परत.
चुकलं म्हणून परत. बरोबर आलं,
म्हणूनही परत.

सतराव्या वर्षी मी इथून गेले,
बारावीच्या परीक्षेपुरती.
यंदा दार लोटलं तेव्हा टीचरनी मान वर केली,
केस पांढरे, काठी तीच.
म्हणाल्या, 'परत?'
पुन्हा की माघारी,
काय विचारलं त्यांनी, मला माहीत नाही.
मी हो म्हटलं.

काल ओजल घुंगरं सोडताना म्हणाली,
आता मार्चपर्यंत येणार नाही, बारावी आहे.
परीक्षेपुरतंच.
टीचरची काठी हवेत जराशी थांबली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.
दोघी बघत होतो मोरीकडे.
किती काय सांगता आलं असतं.
मी म्हटलं, 'साडी नीट घडी करून ठेव.
मशीनवर टाकू नकोस, भोकं पडतात.'
'आमच्याकडे मशीनच नाहीये, मावशी.'

बरं, म्हटलं.
आणि खाली बसले, अर्धी.