शेजारची सून

साकीनाक्याच्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
रेडकर मास्तरने टेबलावर एक शर्ट ठेवला
आणि खिशातून घड्याळ काढलं.
ढाक्याचं सॅम्पल. बाही जोडायला अडतीस सेकंद.
तुम्ही सेहेचाळीस घेता. का?

कुणी बोललं नाही.
ओव्हरलॉकसुद्धा थांबली होती.

भिंतीवर नवा तक्ता लागलाय, रंगीत.
कोलंबो, फैसलाबाद, ढाका, आणि तळाशी आम्ही.
जेवायला कुठे किती मिनिटं, संडासला कुठे किती,
तासाला नग किती, नगाला पैसे किती.
युनियनचाही रकाना आहे. त्यात सगळ्यांपुढे रेघ.
रेघा मात्र सुंदर आल्यात, कॉम्प्युटरच्या.

माझी सासू असंच करायची.
शेजारच्या यमुनेची भाकरी बघ, कशी टम्म फुगते.
वीस वर्षांनी यमुना भेटली भांडुपच्या दवाखान्यात,
म्हणाली, अगं, तुझ्या भाकरीचे टोमणे खाऊनच
माझं पोट भरायचं.

सुट्टीत (तक्त्यात तीस मिनिटं, खरी वीस)
मी शर्ट उलटा केला.
टाके वाचता येतात, हस्ताक्षरासारखे.
कॉलरपाशी घाई. खांद्यावर खालचा दोरा संपलाय,
बॉबिन बदलून तिनं एक टाका मागे घेतलाय.
मीही घेते. मला कुणी शिकवलं नव्हतं.
आणि काखेत, जिथे चेकरसुद्धा बघत नाही,
तीन टाके जास्तीचे.
कागदावर नाहीत ते. त्यांचे पैसे नाहीत.
हात वर केला की पहिलं तिथेच उसवतं,
हे जिच्या अंगावर उसवलंय तिनंच घातलेले.

अडतीस सेकंदांत हे कधी केलंस, बाई?
की अडतीस हा आकडाच तुझा नाही?

बाहीच्या आत पेन्सिलीनं आठ लिहिलेला.
मालद्याची नूरबानू घास गिळून म्हणाली,
आठ कुठला, बंगालीत हा चार. लाइन नंबर असेल.
आम्ही वर बघितलं.
डोक्यावर टांगलेला पत्रा: लाइन ४.
कुणीतरी हसलं. मग गप्प.

तिथेही कुणी मास्तर
आमचा शर्ट टेबलावर ठेवत असेल का?
मुंबईच्या बायका बघा, म्हणत असेल?
लेकी बोले सुने लागे, म्हणतात.
इथे लेक कुठली. दोघीही सुनाच,
आणि सासूचं घर कुठल्या गावात
ते रेडकरलाही ठाऊक नाही.
त्याच्या हातातलं घड्याळ कंपनीचं आहे.

दुपारी पुन्हा माझ्या मशीनपाशी आला.
बाही लावली, टाका मागे घेतला,
काखेत सुई नेली. एक, दोन, तीन.
एकोणपन्नास! वाढले की!
वाढले, म्हटलं. लिहा.

शेजारी नूरबानूचा पाय
तीन टाके जास्त चालला.
पलीकडे मंदा वाघचौरेचा.
त्यापुढचं मला ऐकू आलं नाही,
पंखा फार आवाज करतो.