तूट

लेख झाला. सव्वीस पानं, नऊ आलेख.
तासगावच्या सौद्यात बेदाण्याची पेटी उघडल्यापासून
काट्यावर चढेपर्यंत किती सांडतं,
त्याचा तीन वर्षांचा हिशेब.
आता फक्त चार ओळी लिहायच्यात,
लोकांनी तो उघडावा म्हणून.
खाली शंभर फुटी रस्त्यावर
भडंगवाल्यानं शेवटचा पुडा बांधून गाडा झाकला.
मी अजून पहिल्या शब्दावर.

‘धक्कादायक!’
लिहिलं आणि बघत बसलो.
मूठ भरायची, उजेडात रंग बघायचा,
दोन दाणे तोंडात, बाकीचे मागं भिरकावायचे,
हे सगळ्या गावानं पाहिलंय, हसत पाहिलंय.
धक्का बसणार कुणाला?
शिवाय ज्यांच्या वह्यांतून आकडे आले
ते मल्लाप्पा हिंगमिरे अण्णा
उद्या दहाला त्याच काट्यामागं बसणार,
त्याच लोकांचा चहा पिणार.
खोडलं.

मग जरा सभ्य:
‘चारशे बारा सौद्यांच्या नोंदींवरून असे दिसते की,
नमुना मर्यादित असला तरी, पेटीमागील मध्यक तूट’
‘असे दिसते की’पाशी
माझाच अंगठा स्क्रीन वर सरकवून गेला.

पुण्याहून भावजय म्हणाली, भावजी, इमोजी टाका.
शोधला. द्राक्षांचा घड आहे, जांभळा.
वाइनचा पेलाही आहे.
बेदाणा नाही.
रॅकवरचे पंधरा दिवस, गंधकाची धुरी,
निवडणाऱ्या बायकांची दुखरी बोटं,
घड आणि पेला यांच्यामध्ये काही घडतच नाही
असं वाटलं असणार चित्रं काढणाऱ्याला.

आणि अक्षरांची मर्यादा.
‘बेदाणा’ मी म्हणतो तीन अक्षरं,
तो मोजतो सहा.
मात्रेचं वजन वेगळं, कान्याचं वेगळं,
बारदानासकट तोलतो.
अण्णांना सांगितलं असतं तर म्हणाले असते,
म्हणजे तिकडं पण कडता लावत्यात की!

शेवंता ऐवळेला फोन केला.
सौदा उठला की फरशी झाडते ती.
माझ्या तक्त्यात तिचा एक रकाना आहे: ‘झाडलोट, किलो’.
वाचून दाखवलं. ती गप्प.
मग म्हणाली,
‘किलू कुणाला दिसतोय?
टोपल्या म्हण. बुट्टी भरून येतंय म्हण.
आन् पायाखालचं चिकटतंय ते धरलंयस का?
घरी जाऊन चपला खरवडाव्या लागत्यात मला.’
नाही धरलं, म्हटलं.
‘मग ऱ्हाऊ दे. माझं नाव बी नको घालू.’

ते सव्वीस पानांत कुठंच नाही.
चपलेच्या तळव्याला रकाना नव्हता.

पावणेबाराला टाकली पोस्ट:
‘सौदा संपल्यावर फरशीवरून जे गोळा होतं
ते आम्ही तीन वर्षं मोजलं.
किती बुट्ट्या, ते आत लिहिलंय.
चपलांना चिकटलेलं मोजायचं राहिलं.’
हॅशटॅग नाही. घड नाही.

दोन अंगठे आले. एक माझ्याच भावजयीचा.
मग हिंगमिऱ्यांच्या धाकट्याचा निरोप:
‘अण्णांना सगळं वाचून दाखवलं, आलेखांसकट.
म्हणाले, चांगलंय.
म्हणाले, तेवीस तारखेचा आकडा चुकलाय.
त्या दिवशी अमावस्या, सौदाच नव्हता.’

तक्ता उघडला. वहीचा फोटो मोठा करून पाहिला.
बावीस होते. दोनाची शेपटी तीनासारखी,
आणि वाचणारा मी.

दुरुस्त केलं. मध्यक जागचा हलला नाही,
आलेखाची रेघही तश्शी.
कुणाला कळलं नसतं.

पोस्ट काढली.
दिवा लावला, पाणी प्यालो,
पहिल्या शब्दापासून परत बसलो.