जागी ठेवायची भूल

पहाटे नेल्बा इतुर्रियानं पहिली तक्रार केली
ती मेंदूतल्या गाठीची नव्हे,
माते प्यायला मिळाला नाही, याची.
"चाळीस वर्षांत एक सकाळ अशी कोरडी गेली नाही, डॉक्टर."
दाराबाहेर तिची लेक थर्मास काखेत मारून उभी,
सवयीनं भरून आणलेला,
आता कुणाला द्यायचा ते न कळून.

नेल्बा ताकुआरेंबोची. लोकर पारखते.
अंगठ्यात नि तर्जनीत एक बट धरायची, डोळे मिटायचे
आणि सांगायचं: ही कोकराची,
ही पोटाखालची, बाजूला टाका,
ही दुष्काळातल्या मेंढीची.
दुष्काळात तंतू मध्येच बारीक होतो म्हणाली,
ओढला की नेमका तिथंच तुटतो.

गाठ डावीकडे. शब्दांच्या वस्तीला खेटून.
म्हणून कवटी उघडल्यावर हिला उठवायचं
आणि बोलती ठेवायची.
सत्तावीस वर्षं मी माँतेविदेओतल्या माणसांना झोपवत आले,
आजचं काम उलटं.

भुवईवर, कानापुढे, कानामागे, मानेशी
सुया टोचून टाळू बधिर केली.
तीन टोकांच्या चिमट्यात डोकं बसलं.
"दुखतंय?"
"नाही. कातरायला मेंढी धरतात, तसं वाटतंय."

मग थोडी झोप, करवत चालेल तेवढी.
तो आवाज मी तिच्या वाट्याला येऊ दिला नाही.
माझ्याकडे ठेवून घेतला.

मग औषध थेंबाथेंबानं कमी.
मेंदू उघडा, ठोक्याठोक्याला किंचित उचलणारा,
आणि त्याच्या मालकिणीला
आपण कुठे आहोत हे आठवायला चार मिनिटं लागली.
मेंदूला स्वतःला दुखत नाही,
हे मी विद्यार्थ्यांना किती वेळा सांगितलंय.
तरी हिरव्या चादरीच्या तंबूत तिच्यासमोर बसले की
माझीच कवटी चुणचुणते.

चित्रं दाखवते. हे काय?
"घोडा."
"किल्ली."
"छत्री, आणि तीही मोडकी."
पलीकडे इरासोकीच्या हातात विजेचं टोक,
तो बोलत नाही, फक्त टेकवतो.
"घोडा. मघाशी सांगितलं की."

मग कात्री.
नेल्बा बघते. ओठ हलतात.
उजव्या हाताची दोन बोटं उघडतात, मिटतात,
हवेतली लोकर कापत जातात.
"ते... ज्यानं आपण... अहो, ते..."
शब्द जिभेवर आहे म्हणतो आपण.
जिभेवर नव्हता.
तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, त्या टोकाखाली होता.
"इथे नको," मी चादरीपलीकडे म्हणाले.
तिथे कागदाचा चिटुकला आकडा ठेवला गेला: सात.
इरासोकीनं हात उचलला.
"कात्री," ती म्हणाली. "कात्री, कात्री.
कुठे गेली होती मेली?"

तेवढ्यात तिची करंगळी आपली आपणच नाचू लागली,
मग गाल.
"थंड पाणी!"
बर्फातलं सलाईन उघड्या मेंदूवर ओतलं.
सगळ्यांनी श्वास धरला.
मला धरता येत नाही,
मला तिचे मोजायचे असतात.
थांबली. करंगळी शेवटी थांबली.

सातच्या खाली गाठीचा एक तुकडा राहिला.
राहिला नाही, ठेवला.
पुढे तो काय करेल, ते इरासोकीही सांगत नाही.

रात्री अतिदक्षता विभागात
दर तासाला टॉर्च, बाहुल्या, "माझी बोटं दाबा."
नऊला उलटी. अकराला माझ्याऐवजी
नर्सलाच "आई" म्हणाली, मग ओशाळली.
तीनला मी गेले तेव्हा जागीच होती.
"सकाळचं काही आठवतं? कात्री?"
"कसली कात्री?"
तर भूल थोडी लागली होती म्हणायची.
ती कात्री आता माझ्या एकटीकडे.

मग तिनं पांघरुणाचा कोपरा
अंगठ्यात नि तर्जनीत धरला, डोळे मिटले.
"ही लोकर नाही," ती म्हणाली. सावकाश, पण सलग.
"नायलॉन आहे. फसवलंय तुम्हाला."

मी नोंद केली:
३.०५. शुद्धीवर. दोन्ही बाहुल्या सारख्या.
तक्रार: पांघरूण.