पार्ट पुण्याहून येतोय

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
कुणालाही न विचारता अपडेट आलं
आणि नाशकातले माझे त्रेसष्ट डोळे
एकदम गेले.

माझे म्हणजे मी बसवलेले.
ड्रिल माझं, शिडी मेव्हण्याची,
पासवर्ड गिऱ्हाइकाच्या पोराची जन्मतारीख.

पहाटेचा पहिला फोन सराफ बाजारातून,
"अहो गांगुर्डे, चोर आला असता तर?"
आला का?
"नाही, पण आला असता तर?"
दूध उतू जायच्या आत आणखी अकरा.
पिंपळगावच्या व्यापाऱ्याला द्राक्षांचे खोके दिसेनात,
पाथर्डी फाट्याच्या मंगल कार्यालयाला चपला,
पंचवटीतल्या लॉजवाल्याने तर आईच काढली,
माझी. अपडेट ज्याने पाठवलं त्याची नाही.

कंपनीला लावला. अर्धा तास सनई.
मग एक बाई मधाळ आवाजात,
"तुमच्या सुरक्षेसाठीच केलंय सर."

इलाज साधा आहे, कुणाला सांगू नका.
टाचणी घ्यायची, त्याच्या पोटाखालच्या भोकात खुपसायची,
दहापर्यंत मोजायचं.
तो दचकतो, मान गरगर फिरवतो,
आणि त्याला काहीच आठवत नसतं.
मग शिकवायचं पुन्हा पहिल्यापासून,
हे वायफाय, हे घर, हा मालक.
दहा मिनिटं. तीनशे रुपये.

सतरावं घर म्हसरूळला, तिसरा मजला, भामरे.
तो चाकणला असतो, कंपनीत.
सकाळपासून त्याचे चार फोन,
"तीनला माझी पाळी सुटते, त्याच्या आत चालू पाहिजे."

कॅमेरा दारावर नव्हता.
मीच बसवलेला, दिवाळीच्या घाईत, विसरलो होतो.
त्याने बोट दाखवलं तिथे,
हॉलच्या कोपऱ्यात, तोंड ओट्याकडे.
ओट्याशी कुठला चोर येतो
हे तेव्हा मनात आलं होतं बहुतेक.
भोक पाडलं, स्क्रू पिळले,
चहा पिऊन निघालो.

तिने दार उघडलं, केस ओले, मोकळे.
हॉलच्या मधोमध चटई,
चटईवर मटाराच्या शेंगा, निम्म्या सोललेल्या,
आणि मोबाइलवर कुठलासा नाच लावलेला, मोठ्या आवाजात.
तो तिने बंद केला नाही.
मी शिडी लावली. वर चढलो.
खालून ती म्हणाली,
"हे लगेच होतं का?"
म्हटलं, होतं.
"लगेच?"

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो प्रश्न नव्हता.

शेजारी कुकरची शिट्टी झाली.
टाचणी माझ्या चिमटीत, भोक समोर,
आणि मी मोजायला सुरुवातच करेना.
तेवढ्यात त्याचा पाचवा फोन.

"साहेब, बोर्डच उडालाय.
पार्ट पुण्याहून मागवावा लागेल."
"किती दिवस?"
मी खाली पाहिलं.
तिने हात वर केला, अंगठा दुमडून,
चार.
मग जरा थांबून
दुसरा हात अख्खा उघडला.
त्यातून एक मटार निसटून सोफ्याखाली गेला.
"नऊ," मी म्हणालो. "नऊ तरी धरा."

तीनशे घेतले. नाही कशाला म्हणू, धंदा आहे.
ती देताना काही बोलली नाही,
चटईवर जाऊन बसली, पाय पसरून,
पाठ कॅमेऱ्याकडे करून.

जिना उतरताना आठवलं,
सिडकोत आमच्या घरीही एक आहे,
हॉलमध्ये, गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला म्हणून लावलेला.
दोन वाजून दहा मिनिटांनी
तोही गेला असणार.

फोन काढून पाहिला, सगळे नंबर वरून खाली.
घरून दिवसभरात
एकही नव्हता.