पाणी मुरतंय

कोकंदला, गॅरेजांच्या गल्लीत
चहाची किटली ठेवतात
एका उपड्या सिलिंडर-हेडवर.
रविवारी तिथे आम्ही जमतो, नेक्सियावाले.
म्हणजे, ते नेक्सियावाले.
मी आता पायी येतो.

एर्गाश म्हणतो, आठ व्हॉल्व्हचं इंजिन म्हणजे जुनी सून,
पट्टा तुटला तरी घर मोडत नाही.
सोळावालीचं एकदा बिनसलं की
व्हॉल्व्ह वाकडे, पिस्टन जखमी,
आणि बिल माहेरच्यांकडे.
(हे तो बायकोसमोर म्हणत नाही.)
मामासोलीच्या मते सगळी दुखणी मिथेनची:
डिकीत ऐंशी किलोची टाकी लादल्यावर
मागच्या स्प्रिंगा गुडघे टेकणारच.
यावर दर रविवारी भांडण होतं.
दर रविवारी त्याच जागी येऊन थांबतं.

आज एक नवा मुलगा आला. फोझिल, रिश्तानचा.
पांढरी गाडी भिंतीला लावली
आणि मला मागचं डावं दार दिसलं,
खरबुजांच्या हातगाडीने पाडलेला पोचा
हँडलच्या चार बोटं खाली.

"हीटर गार वारा फेकतो," तो म्हणाला,
"आणि काटा लाल रेघेला.
रोज लिटरभर पाणी घालतो, खाली थेंब नाही.
काच आतून गोठते,
बायको पुठ्ठ्याने खरवडते, मी चालवतो."

"कुठेतरी पाणी मुरतंय," एर्गाश म्हणाला.
मग सगळे तुटून पडले.
थर्मोस्टॅट बदल. पाण्याचा पंप बघ.
तेलाचं टोपण उघड, साय धरल्यासारखं दिसतंय का,
तसं असेल तर हेडची पॅकिंग, पैसे जमवायला लाग.
हवा अडकली असेल, चढावर उभी कर, ढेकर देऊ दे तिला.

मी प्याल्यातली पानं मोजत होतो.

गेल्या एप्रिलची गोष्ट.
रेडिएटरची शिवण उसवलेली, नव्याला पैसे नाहीत,
मुलाचं कझानचं तिकीट काढायचं होतं.
ओइनिसोच्या बरणीतली मोहरीची पूड, दोन चमचे,
गरम इंजिनात.
अर्ध्या तासात गळती बंद.
गाड्यांच्या बाजारात दलालाने टायर दाबून पाहिले,
त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
आणि आम्ही हात मिळवले.
एप्रिलमध्ये हीटर कोण लावून बघतो?

"डॅशबोर्डच्या आत छोटा रेडिएटर असतो," मी म्हणालो,
"तो काढ. पिवळा गाळ निघेल.
मोठ्याची खालची शिवणही बघ.
तिथून झिरपतं आणि तापल्या पत्र्यावरच विरून जातं."

"पिवळा?" तो वळला. "अका, तुम्हाला कसं कळलं?"

एर्गाशने किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं.
मामासोली, ज्याने तेव्हा मला चमचा दिला होता,
एक स्वच्छ प्लग पुन्हा पुसायला लागला.

"गंज असता तर पाणी तांबडं झालं असतं," मी म्हणालो.
हे खरं आहे.
कुणालाही विचारा, हे खरं आहे.

"उद्या सकाळी आण. दहाचा पाना आहे माझ्याकडे अजून.
मजुरी नको."
त्याने छातीवर हात ठेवला, दोनदा,
आणि गाडीतली एक गरम रोटी आणून
माझ्यासमोर ठेवली, सरळ, नक्षी वर करून.

दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. तिची सवयच ती.
वळणावर पट्टा किंचाळला.
त्या आवाजावर ओइनिसो कधीकाळी
चहाचं आधण ठेवायची.

रोटी कुणी मोडेना.
शेवटी एर्गाशने तुकडे केले, मोठा माझ्यापुढे सरकवला,
आणि पुन्हा मिथेनवर आला.

रात्री पाना शोधायला हवा.
गाडी गेल्यापासून हत्यारांच्या पेटीत
आमच्याकडे कांदे असतात.