बूच

याकूबमियाँनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली:
तपकिरीची, चिनी, अंगठ्याएवढी,
काचेला आतून रंगवलेले दोन मासे.
"बूच नाही, म्हणून तर तुम्हाला परवडली."

मरोळला मेट्रोच्या खड्ड्याशी उचललेला
एक दगड होता माझ्याकडे,
बाहेरून बटाटा, कापल्यावर दुधी निळा.
मुलुंडच्या गॅलरीत चाक फिरतं साडेपाचपर्यंत,
मग खाली केंकरेबाईंची मालिका लागते.

पाणी, भुकटी, पुन्हा पाणी.
करंगळीचं नख गेलं.
तीस वर्षं एक्सरेच्या खोलीत
लोकांना म्हणत आले, श्वास रोखा.
आता दगड म्हणतो, मी रोखते.

वाटाण्याएवढ्या तोंडातून
वाकडा कुंचला घालून तो कोण बसला असेल,
सगळं उलट्या क्रमाने:
आधी डोळा, मग मासा,
पाणी सगळ्यात शेवटी.

आज बूच बसलं. किंचित तिरकं.
काढून हुंगलं, तर तळाशी
कुणाची तरी उरलेली चिमूट.
इतकी मोठी शिंक आली
की खालून केंकरेबाई ओरडल्या,
"सत्य आहे!"

काय, ते मी विचारलं नाही.